नाचऱ्याच्या घरट्यापाशी बोलायचं नाही

राब पेटवायला त्या दिवशी उशीर झाला तो रघ्यामुळे. सरावलीला मित्राच्या लग्नात रात्रभर नाचून तो सकाळी नऊला टेकडी चढून आला. डोळे लाल, पायात एकच चप्पल.

"दुसरी कुठंय रे?" पुतळीनं, त्याच्या आईनं, विचारलं.

"नवरीनं ठेवून घेतली," रघ्या म्हणाला.

सगळे हसले. हर्षदाही हसली, मांडीवरचं तान्हं सावरत. दीर असाच होता, त्याच्यावर रागावायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. पण राब भाजायचा तो वारा पडलेला असताना, उन्हं वर यायच्या आत. ही गोष्ट त्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. महिनाभर खपून सगळ्यांनी वावरात शेण पसरलं होतं, त्यावर तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा आणि गवत, वरून माती. ते सगळं सावकाश जळून गेलं की त्याच जागी भाताचं रोप टाकायचं. सकाळी पेटवलं की जाळ शहाण्यासारखा जागच्या जागी बसतो. दुपार व्हायला लागली की डहाणूच्या बाजूनं दर्याचा वारा सुटतो, आणि त्याला डोंगरापर्यंत यायला काही गाडीभाडं लागत नाही.

"उद्यावर टाकू या का?" हर्षदानं विचारलं.

"उद्या हा परत कुणाच्या तरी वरातीत," पुतळी म्हणाली. "आजच होऊन जाऊ दे. चार जणं आहोत."

चार म्हणजे पुतळी, रघ्या, शेजारची जानीकाकी आणि हर्षदा. हर्षदाचा नवरा मिथुन अच्छाडला, ट्रकांच्या टायरांच्या दुकानात कामाला. पंधरा दिवसांनी घरी यायचा. हर्षदाच्या मांडीवर तीन महिन्यांचा मुलगा होता, म्हणजे खरं धरलं तर हात साडेतीन जणांचेच होते. आणि तिची पाच वर्षांची मुलगी बारकी होती. ती कामाला नाही, कामाच्या पायात.

पुतळीची एक रीत होती, तिच्या सासूकडून आलेली. काडी लावायच्या आधी हातात काठी घेऊन ती वावराला फेरी घालायची. बांधाचे दगड ठोकायची, झुडपं हलवायची आणि मोठ्यानं सांगायची, "आज भाजणार आहोत गं बायांनो! बिळातल्यांनो निघा, पोटावर चालणाऱ्यांनो निघा, ससे, घोरपडी, मुंगसं, पोरंबाळं घेऊन निघा! मागाहून आम्हाला बोल लावू नका!" मग बिडी संपेपर्यंत थांबायचं. ज्याला जायचं त्याला तेवढा वेळ.

बारकी तिच्या लुगड्याचा काठ धरून मागं मागं चालत होती आणि आजीचा प्रत्येक शब्द तिच्या मागून म्हणत होती. फेरी संपली तशी ती म्हणाली, "आजी, आणि अंड्यांनी कसं निघायचं?"

"कुठली अंडी?"

बारकीनं तोंड गच्च मिटलं. मोहाच्या झाडाखाली बसलेल्या आईकडं तिनं पाहिलं. हर्षदाला कळलं. तिनं हसून मान हलवली, नाही सांगायचं. त्यात बाळ रडायला लागलं, हर्षदानं पदर ओढून त्याला अंगावर घेतलं आणि पाठ वळवून बसली.

पुढं कितीतरी दिवस ती हीच घटका आठवत राहिली. पोरीनं काहीतरी विचारलं होतं आणि उत्तर कुणीच दिलं नव्हतं.

घरट्याची गोष्ट जुनी होती, म्हणजे आठ-दहा दिवसांची. बारकीला नाचऱ्याचं घरटं सापडलं होतं. नाचरा म्हणजे डोंगरातल्या झाडीत राहणारं चिमणीहून बारीक पाखरू. "काळं गं, आई," बारकीनं सांगितलं होतं, "गळ्याला पांढरा रुमाल, डोळ्यावर पांढरी भुवई. शेपटीचा पंखा करतं आणि सारखं इकडं वळतं, तिकडं वळतं. कंबर धरल्यावर आजी वळते तसं." एका जागी बसायचं नाही, उडता उडता चिलटं मटकवायची. घरटं एवढंसं, चहाच्या पेल्याएवढं, कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं. त्यात तीन अंडी.

गेल्या वर्षी तिला बुलबुलाचं घरटं दिसलं होतं. तिनं आनंदानं साऱ्या पाड्याला सांगितलं. पोरं बघायला गेली, एकानं बोट घातलं, दुसऱ्यानं फांदी वाकवली, आणि पाखरू परत आलंच नाही. पोर तीन दिवस नीट जेवली नव्हती. म्हणून या खेपेला हर्षदानं तिला जवळ घेऊन सांगितलं, कुणाला सांगायचं नाही.

हे सांगितलं त्या दुपारी बाळाला ताप होता. हर्षदा दोन दिवस झोपली नव्हती. आणि बारकीचे प्रश्न काही संपत नव्हते.

"आजीला सांगू?"

"नाही."

"बाबाला? फोनवर?"

"नाही."

"तुला सांगू, कुठंय ते?"

"मलासुद्धा नाही."

"आणि तिथं बसल्यावर बोलायचं नाही?"

"अजिबात नाही. आवाज ऐकला की पाखरू घरटं टाकतं."

"तू हाक मारलीस तरी नाही?"

"तरी नाही. झोप आता, माझी राणी, डोळे मीट."

आई तेव्हा अर्धी झोपेतच होती. पोर मात्र टक्क जागी होती.

जाळ लावला तेव्हा दहा वाजून गेले होते. सुरुवात तर चांगली झाली. मातीखालून पांढरा धूर निघाला, मग तांबूस जिभा. धुरासमोरून किडे, टोळ, फुलपाखरं भरभर उडायला लागली आणि ठरल्यासारखे कोतवाल आले, काळे, लांब शेपट्यांचे, दहा-बारा तरी. राब पेटला की हे येतातच. धुराच्या तोंडावर गिरक्या घेत ते किडे टिपायला लागले. रघ्या हिरव्या फांदीनं कड सांभाळत होता. जानीकाकी म्हणाली, "जेवायला बसलेत बघ पाहुणे. आहेर कुठंय विचार."

मग मोहाची पानं उलटी झाली.

हर्षदानं ती उलटी झालेली पाहिली. खालची फिकी बाजू वर आली, परत पडली, परत वर आली. वारा. धुराची सरळ चाललेली वाट मोडली आणि धूर डोंगराकडं कलला.

"रघ्या! वरची कड बघ!" पुतळी ओरडली.

रघ्या धावला, पण जाळ त्याच्याआधी पोचला होता. बांधापलीकडं डोंगराचा उतार सुरू होत होता, गुडघाभर वाळलेलं पिवळं गवत. ते पेटलं त्याचा आवाज कुणीतरी नवं कापड टरकवावं तसा आला. पुतळी आणि जानीकाकी फांद्या घेऊन धावल्या. हर्षदानं बाळ झोळीत टाकलं, फांदी उचलली, आणि सहज मागं पाहिलं.

"बारके, इथंच बस हां. बाळाकडं बघ."

तिथं बारकी नव्हती.

"बारके?"

मोहाच्या मागं नव्हती. गाठोड्यांपाशी नव्हती. घराच्या वाटेवर कुणी नव्हतं. मग हर्षदाला फांदीला टांगलेली पिशवी दिसली. त्यातली थंड पेयाची मोठी बाटली, मिथुननं अच्छाडहून आणलेली, जिच्यात सगळ्यांसाठी प्यायचं पाणी भरून आणलं होतं, ती गेली होती.

अंड्यांनी कसं निघायचं.

पोर पाणी घेऊन घरट्यापाशी गेली होती. अंड्यांना निघता येत नाही, म्हणून.

"आई!" तिनं पुतळीला हाक मारली. "बारकी नाही! ती घरट्याकडं गेलीय!"

"कसलं घरटं? कुठंय?"

"मला माहीत नाही!"

"तुला माहीत नाही?" पुतळी फांदी घेऊन जागच्या जागी थिजली. "तुझी पोर रोज कुठं जाते ते तुला माहीत नाही?"

"मीच सांगितलं होतं, मला सांगू नको म्हणून!"

पुतळीनं जानीकाकीला बाळाकडं ढकललं. हर्षदा वावराच्या कडेनं पळत सुटली, "बारके! ए बारके!" म्हणून ओरडत. डोंगरानं तिची हाक तिलाच परत दिली. ओ आली नाही. आणि पळता पळता तिला दुसरी गोष्ट आठवली. ओ येणारच नव्हती. पोर ऐकत असेल, अगदी जवळून ऐकत असेल, आणि आईनं सांगितलंय म्हणून गप्प बसेल. बारकी शब्दाला पक्की होती.

हर्षदा थांबली. पळून काही होणार नव्हतं. डोंगर केवढा, पोर केवढी. तिनं डोळे मिटले आणि पोरीला आंघोळ घालायला घेतली. मनातल्या मनात, रोज संध्याकाळी घालते तशी. आधी हात: कोपरापर्यंत ओरखडे, बारीक, काट्यांचे. करवंदाची जाळी. बोटांना करवंदाचा जांभळा रस. मग पाय. पायांना चिखल. एप्रिल संपत आलेला, भुई भेगाळलेली, तरी पोरीच्या पायांना रोज चिखल. तिनं चिडून विचारलंही होतं, कुठं लोळतेस गं? विहिरीपाशी चिखल होता, पण तो तांबडा. बारकीच्या बोटांमधून निघायचा तो काळा, चिकट, खरवडून काढावा लागणारा.

ओहळ. उतारावरून खाली येणारा आटलेला ओहळ, ज्याच्या पोटात अजून कुठं कुठं काळी ओल होती. त्याच्या काठानं करवंदाच्या जाळ्याच जाळ्या, वर डोंगराच्या खांद्यापर्यंत. आणि जाळ त्याच अंगाला चालला होता.

"रघ्या, ओहळाकडं!" ती ओरडली आणि वळली.

ओहळात उतरल्यावर धूर डोक्यावरून जायला लागला. खाली वाळू गार होती. ती दगडांवरून हातापायांनी वर चढायला लागली. उजव्या हाताला गवत जळत येत होतं, अजून पंचवीस-तीस हात लांब, पण त्याची धग गालाला लागत होती. पहिली जाळी आली. तिनं हात घालून फांद्या फाकवल्या. रिकामी. दुसरी. तिथंही कुणी नाही. पुढं तर दोन्ही काठांना जाळ्यांची भिंतच होती, आणि त्यात पाच वर्षांची पोर गप्प बसली तर शेजारून हत्ती गेला तरी दिसायची नाही.

"बारके, मी सांगते, बोल! आता बोल! आई सांगतेय!"

धुरानं तिचा आवाज फाटला. तिला स्वतःलाच शब्द कळले नाहीत.

तेव्हा तिनं वर पाहिलं. कोतवाल जाळाबरोबर वर सरकले होते. धुराच्या तोंडाशी किड्यांचा पाऊस उडत होता आणि ते झडप घालत होते, खात होते, परत झडप घालत होते. त्यांच्या खाली, ओहळावर कललेल्या एका कुड्याच्या फांदीवर, एक बारीक काळं पाखरू होतं. पांढरी भुवई. शेपटीचा पंखा उघडत होतं, मिटत होतं, इकडं वळत होतं, तिकडं वळत होतं. त्याच्या चोचीसमोरून टोळ गेले, चिलटांचा अख्खा थवा गेला. त्यानं एकही टिपलं नाही.

सगळे खात होते. हे खात नव्हतं.

ते फांदीवरून उडालं, खाली एका जाळीत शिरलं, लगेच बाहेर आलं, परत फांदीवर. चक् चक्, चक् चक्. दुसरं कुठून तरी आलं, तेही तसंच, त्याच जाळीत शिरून बाहेर. नाचऱ्याचं गाणं हर्षदानं ऐकलं होतं, कुणी शीळ घालत जिना उतरावा तसं ते गोड असायचं. हा आवाज तसला नव्हता. ही शिवीगाळ होती.

ती त्या जाळीकडं झेपावली. पहिलं पाखरू सरळ तिच्या तोंडावर आलं. एवढा जीव, पण तिच्या कपाळाला पंख घासून गेला, वळला, परत आला. "अगं, माझंही तिथंच आहे," ती म्हणाली, पाखराला की स्वतःला, कुणास ठाऊक, आणि डोकं खाली घालून काट्यांत घुसली.

बारकी आत उकिडवी बसली होती. तिच्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर घरटं. बाटली रिकामी, बाजूला पडलेली. सगळं पाणी तिनं जाळीवर शिंपडलं होतं, पानांवरून अजून थेंब गळत होते. डोळ्यांतून धुराचं पाणी वाहत होतं, ओठ आत ओढून दातांत धरले होते आणि एक हात नाकावर दाबलेला. आईला पाहून तिनं दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

हर्षदानं तिला दंडाला धरून ओढलं. पोरीनं पाय रोवले. मान जोरजोरात हलवली, वर बोट दाखवलं, तीन बोटं दाखवली. तोंडातून चकार शब्द नाही.

"सोड ते! चल!"

बारकीनं करवंदाचं खोड दोन्ही हातांनी कवटाळलं. पलीकडं गवताचा आवाज आता अगदी कानात येत होता. हर्षदानं एकेक बोट सोडवलं, जसं ती झोपलेल्या पोरीच्या मुठीतून बिस्कीट सोडवायची. पदर ओला करावा तर बाटलीत थेंब नव्हता. मग तिनं पदर ओहळातल्या काळ्या चिखलात दाबला, तो गच्च ओला पदर पोरीच्या तोंडाडोक्यावर टाकला, तिला छातीशी घेतलं आणि बसल्या बसल्या दगडांवरून खाली घसरायला सुरुवात केली.

वरून ठिणग्या पडत होत्या. एक तिच्या मानेवर पडली, ती झटकायला हात मोकळा नव्हता. किती वेळ गेला कळलं नाही. पोर अंगाशी होती, पण तिच्या पोरीचं अंग असं कधीच नसायचं. रडणं नाही, आई म्हणणं नाही. पदराखाली सगळं निमूट. हर्षदाला वाटलं, आपण उशिरा पोचलो. पदर उचलून बघायची छाती होईना.

"वहिनी! इकडं! हात द्या!"

रघ्या काठावर उभा होता, अनवाणी, तोंड काजळीनं काळं. त्यानं दोघींना वर ओढलं, मोकळ्या खडकावर, जिथं जळायला काही नव्हतं. पुतळी धापा टाकत येत होती. हर्षदा खडकावर बसली आणि तिनं पदर काढला.

बारकीचं तोंड चिखलानं माखलेलं. ओठ अजून दातांत. तिनं मागं वळून पाहिलं, मग आईकडं, मग हलकेच, परवानगी मागावी तसं विचारलं, "आई, आता बोललं तर चालेल?"

हर्षदानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिला इतकी घट्ट आवळली की पोर ओरडली, "आगं, दुखतंय!" आणि तो आवाज ऐकून हर्षदाला रडू फुटलं.

पुतळीनं नातीच्या पायांवरून हात फिरवला, बोटं मोजावीत तसा. मग रघ्याकडं वळून म्हणाली, "दुसरी चप्पल पण नवरीलाच दे आता."

पाड्यातून धावून आलेल्या माणसांनी जाळ खडकापाशी विझवला. तोवर उन्हं कलली होती.

त्या संध्याकाळी हर्षदा स्वयंपाक करत होती, पण दर थोड्या वेळानं, काम नसताना, हाक मारत होती, "बारके." आणि अंगणातून, कधी ओसरीतून, उत्तर येत होतं, "ओ." एकदा बारकी वैतागून दारात आली. "काय गं सारखं?"

"काही नाही. इकडं ये, बस." हर्षदानं भाकरी उलटली. "मी एक गोष्ट चुकीची सांगितली होती तुला. मी हाक मारली की ओ द्यायची. कुठंही असलीस तरी. झाडावर असलीस तरी, घरट्यापाशी असलीस तरी."

"मग पाखरू उडून गेलं तर?"

"तर जाऊ दे."

बारकीनं तिच्याकडं असं पाहिलं की हर्षदाला मान खाली घालावी लागली. पोरीच्या डोळ्यांत तीन अंडी होती. त्यांना जाऊ दे म्हणणं तिला मुळीच पटलेलं नव्हतं.

"कबूल?"

"कबूल," बारकी म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला पुतळीपाशी ठेवून दोघी ओहळाकडं गेल्या. उजवीकडचा उतार काळा ठिक्कर पडला होता, विवळवेढ्याच्या डोंगरापर्यंत नजर जाईल तिथवर धुरकट हवा. ओहळाच्या अलीकडच्या जाळ्या करपल्या होत्या. बारकीची जाळी एका अंगानं तपकिरी झाली होती, पानं आवळलेली. दुसऱ्या अंगानं, जिथं बाटलीभर पाणी पडलं होतं आणि खाली ओल होती, ती हिरवी होती. पाण्यानं वाचली की वाऱ्यानं, ते हर्षदानं ठरवलं नाही. पोरीनं मात्र केव्हाच ठरवलं होतं.

"तू इथंच थांब," बारकी म्हणाली. "मी बघून येते."

ती रांगत आत गेली. झुडूप हललं आणि स्थिर झालं. हर्षदा दगडावर बसली. दहा मोजले, वीस मोजले. पाखराचा आवाज नाही, पोरीचा नाही. तिला हाक मारायची नव्हती. आत काहीतरी शिल्लक असेल तर ते आपल्यामुळं जायला नको होतं. तिनं ओठ आत ओढून दातांत धरले, कालच्या बारकीसारखे. पण घसा ऐकेना.

"बारके?"

जाळीत सळसळलं. नाचरा भुर्रकन बाहेर आला, कुड्याच्या फांदीवर बसला, शेपटीचा पंखा पुरा उघडून त्यानं चक् चक् करत मायलेकींना झाडून शिव्या दिल्या.

"ओ!" आतून आवाज आला. मोठा, स्पष्ट, थोडा रडवेला.

हर्षदा श्वास धरून पाखराकडं बघत राहिली. ते इकडं वळलं, तिकडं वळलं. समोरून एक चिलट गेलं, ते त्यानं हवेतच टिपलं. मग शेपूट मिटून ते खाली उतरलं आणि पोर बसली होती त्याच जाळीत परत शिरलं.